घंटा वाजवणारा माणूस: सर्व्हायव्हर सिरीज १९९७ पुन्हा बघताना

गेल्या रविवारी ठाण्यातल्या कोलशेतला एका एकसष्टीची लाइटची ऑर्डर होती. पावसाने लॉनवरचा कार्यक्रम आयत्या वेळी हॉलमध्ये गेला. हॉलला स्वतःचे दिवे होते, त्यामुळे आमचे सहा पार दिवे आणि दोन मूव्हिंग हेड, म्हणजे फिरते दिवे, उथळसरच्या गाळ्यातच पडून राहिले. बायको-मुलगी डोंबिवलीला गेलेल्या. म्हटलं, बरीच वर्षं मनात आहे ते आज उरकून टाकू. डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती कंपनीची १९९७ ची सर्व्हायव्हर सिरीज, पहिल्या लढतीपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत, सलग. शेवटची बारा मिनिटं मी आजवर शंभर वेळा पाहिली असतील. अख्खा कार्यक्रम मात्र एकदाच पाहिला होता, १९९८ मध्ये, आणि तोही भांडणात संपला होता.

तेव्हा आम्ही चरईत राहायचो. खिशात या पैलवानांची ट्रम्प कार्ड्स असायची, कडा पिसारलेली, आणि ‘बायसेप्स’ ओरडून समोरच्याचं कार्ड हिसकावणं हा शाळेतला मधल्या सुट्टीचा मुख्य धंदा होता. नौपाड्यात एक व्हिडिओ लायब्ररी होती. तिथे कोणाच्या तरी नातेवाइकाने दुबईहून आणलेल्या कुस्तीच्या कॅसेट यायच्या, कॉपीची कॉपी केलेल्या. दिवसाचे वीस रुपये. आम्ही चौघांनी पाच-पाच काढले आणि ज्याच्या घरी व्हीसीआर होता त्याच्या आईला ‘अभ्यासाचं आहे’ असं सांगून बसलो. शेवटची लढत रंगात आली, शॉन मायकल्सने ब्रेट हार्टला हार्टच्याच डावात धरलं, एकदम घंटा वाजली, कोणालाच काही कळेना, मायकल्स चॅम्पियनचा पट्टा घेऊन घाईघाईने आत गेला आणि चित्र संपलं. पुढे नुसती निळी टेप.

आम्ही तडक लायब्ररीत. ‘काका, शेवट कापलाय. पैसे परत द्या.’ काकांनी दुकानातल्या मशीनमध्ये कॅसेट घातली, पुढे नेली, मागे आणली. ‘अरे पोरांनो, एवढंच आहे ते. संपलीय ती.’ आम्ही ऐकतोय कसले! काऊंटरवर अर्धा तास हुज्जत घातली. शेवटी त्यांनी वैतागून दहा रुपये परत केले आणि आम्हाला पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. ते दहा रुपये आम्ही मामलेदारच्या मिसळीत उडवले. काका खरं बोलत होते हे कळायला मला पुढे चार-पाच वर्षं लागली. तो कार्यक्रम अमेरिकेतही तसाच, तोंडात घास असताना ताट ओढून घ्यावं तसा संपला होता.

आता ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या कुस्तीत कोण जिंकणार, कोण हरणार हे आधीच ठरलेलं असतं. ९ नोव्हेंबर १९९७, मॉन्ट्रियलचं मोल्सन सेंटर, वीस हजारांवर प्रेक्षक. ब्रेट हार्ट चॅम्पियन, कॅनडाच्या कॅल्गरीचा, आणि कॅनडात तो निव्वळ देव. बाप स्टू हार्ट जुना पैलवान, घराच्या तळघरात तालीम. त्या तळघराला ‘डंजन’ म्हणत आणि तिथे भल्याभल्यांच्या किंकाळ्या निघाल्यात. १९९६ मध्ये विरोधी कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यूने ब्रेटला भरपूर पैसा देऊ केला, तो नाकारून त्याने डब्ल्यूडब्ल्यूएफशी वीस वर्षांचा करार केला. वीस वर्षं! सरकारी नोकरीच म्हणा. वर्षभरातच मालक विन्स मॅकमहॉन त्याला म्हणाले, हा करार मला झेपत नाही, तू तिकडे बोलणी कर. दर सोमवारी रात्री टीव्हीवर दोन कंपन्यांचे कार्यक्रम एकाच वेळी लागायचे, आणि डब्ल्यूसीडब्ल्यू आठवड्यामागून आठवडा जिंकत होती. तो मार पुढे सलग ८३ आठवड्यांपर्यंत गेला. ब्रेटने तिकडे सही केली. पण पट्टा अजून त्याच्या कमरेला. तो पट्टा घेऊनच हा माणूस शत्रूच्या कार्यक्रमात उगवला तर काय, ही मालकांची धास्ती.

ब्रेटचं म्हणणं, मी कोणाकडूनही हरतो, पण मॉन्ट्रियलमध्ये शॉनकडून नाही. करारात शेवटच्या महिन्याभरात आपल्या कथेवर आपलं म्हणणं चालेल असं कलम होतं, तेही त्याने पुढे केलं. आणि शॉनशी त्याचं वैर पडद्यावरचं नव्हतं. त्याच वर्षी जूनमध्ये दोघांची ड्रेसिंग रूममध्ये खरीखुरी मारामारी झाली होती, केस उपटण्यापर्यंत. शेवटी ठरलं असं की दोन्हीकडची माणसं रिंगमध्ये घुसतील, गोंधळ होईल, निकाल लागणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी ओटावाच्या कार्यक्रमात ब्रेट पट्टा सन्मानाने परत करेल. मालक ‘हो’ म्हणाले. पुढचं सगळं त्या एका ‘हो’भोवती फिरतं.

आमच्या चाळीत अप्पा राहायचे, मूळचे सातारा जिल्ह्यातले, वागळे इस्टेटमधून रिटायर झालेले. तरुणपणी लाल मातीत उतरलेले, कान मोडलेले. आम्ही डब्ल्यूडब्ल्यूएफ लावलं की ते दारात उभे राहून हसायचे. ‘नुरा हाय ही, नुरा.’ नुरा म्हणजे ठरवून केलेली कुस्ती. जत्रेत दोन पैलवान आधीच बोलून घ्यायचे, अर्धा तास खडाखडी करायची, घाम काढायचा, बरोबरीत सोडवायची आणि इनाम वाटून घ्यायचं. पंचांना संशय आला तर दोघांनाही हाकलून देत. मी अप्पांना ब्रेटची गोष्ट सांगितली तेव्हा मला वाटलं, ते म्हणतील की खोट्यात काय खरं आणि काय खोटं. ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘नुरा असली तरी तिला शब्द असतोय. बरोबरीत सोडायची ठरली तर बरोबरीत सोडायची. मधीच एकानं दुसऱ्याला चितपट मारला तर त्याला पुढच्या जत्रंत कुणी जोड देत न्हाई.’

हे लक्षात ठेवा. आता कार्यक्रमाकडे येऊ.

पहिल्या दोन लढती सरळ पुढे ढकला. चार विरुद्ध चार, सगळे जाडे, सगळे मळके, कोण कोणाच्या बाजूने आहे हे समालोचकांनाही पूर्ण ठाऊक नसावं. तिसरी कॅनडा विरुद्ध अमेरिका, तिथे प्रेक्षक जागे होतात. १९९७ मध्ये या कंपनीने एक गंमत केली होती. ब्रेट अमेरिकेत खलनायक आणि कॅनडात नायक, तोच माणूस, तेच भाषण, सीमा ओलांडली की शिट्ट्यांच्या टाळ्या होतात. आपल्याकडे बारामतीत आणि नागपुरात एकाच भाषणाला वेगवेगळी दाद मिळते तसं. लढत म्हणून सुमार, पण आवाज ऐकण्यासारखा. या आवाजाची पुढे गरज पडणार आहे.

चौथी लढत केन विरुद्ध मॅनकाइंड. इथे मी धंद्यातला माणूस म्हणून बोलतो. अख्खी लढत लाल प्रकाशात आहे. नुसता लाल. त्या वेळच्या टीव्ही कॅमेऱ्यांना संपूर्ण लाल झेपत नसे. कडा पसरतात, चेहरे चिखल होतात, आणि केनचा पोशाखही लाल, म्हणजे माणूस प्रकाशात विरघळूनच जातो. आमच्याकडे कोणी नवखा पोरगा नाटकात ‘भीतीचा सीन’ आला की सगळ्या दिव्यांना लाल जिलेटिन लावायचा, त्याला आम्ही ‘अरे, ही भीती आहे की बार?’ असं विचारायचो. पण सभागृहात बसून बघणाऱ्याला ते जबरदस्त वाटलं असणार. मॅनकाइंड झालेल्या मिक फोलीने मार मात्र मनापासून खाल्लाय. टीव्हीवर बघणाऱ्याने डोळे चोळत बसावं.

पाचव्या लढतीत एक लांब केसांची नव्हे, पण लांब जिभेची वल्ली दिसते, नाव रॉकी मायविया. शेवटी केन शॅमरॉककडून हरते. काही महिन्यांत हाच माणूस ‘द रॉक’ म्हणून घराघरात जाणार. तेव्हा मी त्याच्याकडे लक्षही दिलं नव्हतं. आता बघताना कळतं की तो हरतानाही कॅमेरा कुठे आहे ते शोधतोय.

सहावी स्टीव्ह ऑस्टिन विरुद्ध ओवेन हार्ट, ब्रेटचा धाकटा भाऊ. तीन महिन्यांपूर्वी ओवेनने डाव टाकताना ऑस्टिनची मान खरोखर दुखावली होती. क्षणभर हातपाय बधिर होण्याइतकी. त्या अपघातावर कंपनीने कथा रचली आणि ओवेनला ‘मी आत्ताच तुझी मान मोडली’ अशा अर्थाचा टी-शर्ट घालायला दिला. मानेमुळे लढत चारेक मिनिटांत गुंडाळलीय. ती बघताना मला ऑस्टिनपेक्षा ओवेनच दिसत राहतो. दीड वर्षाने, २३ मे १९९९ ला, कॅन्सस सिटीत छतावरून दोराने खाली येण्याच्या करामतीत तो पडला आणि गेला. रिगिंगच्या हुकवर ज्यांचं पोट आहे त्यांना ही बातमी वाचून काय होतं ते सांगत नाही. आमच्याकडे ट्रसवर चढणाऱ्या प्रत्येक पोराला मी दोन दोर बांधायला लावतो, पोरं हसतात, हसू देत.

आता शेवटची.

मायकल्स आधी येतो. कॅनडाचा झेंडा घेऊन नाकात घालतो आणि आणखी नको ते करतो. मग ब्रेट. तो आवाज फोनच्या स्पीकरवरही अंगावर येतो. घंटेआधीच मारामारी सुरू होते, प्रेक्षकांत, रॅम्पवर, टेबलांजवळ. आणि मधूनच लक्षात येतं की रिंगभोवती माणसं जास्त आहेत. नेहमीचे दोन-चार अधिकारी समजू शकतो, इथे अख्खं कार्यालय उतरलंय. आणि त्यात मालक. विन्स मॅकमहॉन तोवर लोकांना मुख्यतः समालोचक म्हणून माहीत. त्या रात्री समालोचनाला जिम रॉस आणि जेरी लॉलर आहेत, आणि विन्स रिंगच्या कडेला उभा. आमच्या धंद्यात निर्माता अंक चालू असताना विंगेत येऊन उभा राहिला, की जुने लोक एकमेकांकडे बघतात.

रेफरी अर्ल हेबनर. याची एक गंमत सांगतो. १९८८ मध्ये हल्क होगन आणि आंद्रे द जायंटच्या लढतीत होगनचा खांदा वर असतानाही रेफरीने तीन मोजले आणि मग उघड झालं की हा खरा रेफरी नाहीच, त्याचा जुळा भाऊ आहे, पैसे खाऊन आलेला. ती सगळी रचलेली कथा. डेव्ह आणि अर्ल हे मात्र खरेच जुळे. त्या कथेतला दगाबाज भाऊ म्हणून पहिल्यांदा लोकांपुढे आला तो हाच अर्ल. नऊ वर्षांनी त्याच माणसाला तेच काम पुन्हा करायला सांगितलं, फक्त या वेळी कथेत लिहिलेलं नव्हतं.

ब्रेटने नंतर सांगितलंय की त्याने हेबनरला आधी विचारलं होतं. दोघांची दोस्ती होती. हेबनरने मुलांची शपथ घेतली, मी तुला दगा देणार नाही म्हणून. आणि मग लढतीच्या तोंडावर त्याला सांगण्यात आलं की घंटा वाजवायला लावायची.

मी ते दृश्य या वेळी थांबवून थांबवून पाहिलं. मायकल्स हेबनरला ब्रेटच्या उडीसमोर ओढतो, हेबनर आडवा होतो. हे ठरलेलं. मायकल्स ब्रेटचे पाय अडकवून त्याला शार्पशूटरमध्ये उलटा करतो, म्हणजे ब्रेटच्या स्वतःच्या डावात. हेही ठरलेलं; ब्रेट हात घालून पाय ओढणार, डाव उलटणार, पुढे गोंधळ. ब्रेट निवांत आहे. त्याची मुद्रा बघा, वेदनेचा अभिनय चालू आहे, घाई नाही. पण हेबनर उठतो. लवकर उठतो. टाइमकीपरकडे बघून घंटेची खूण करतो. त्याच वेळी विन्स टाइमकीपरवर ओरडतोय, वाजव, शिवी घालून, वाजव. घंटा वाजते. आणि ती वाजत असतानाच ब्रेटचा हात मायकल्सच्या पायापर्यंत पोहोचलेला असतो, मायकल्स कोलमडतो. दोन सेकंदांचा प्रश्न होता. हेबनर तोवर रिंगमधून उतरून धावत सुटलेला असतो. बाहेर गाडी तयार ठेवली होती.

सगळे ब्रेटचा चेहरा बघतात. मी हेबनरची पाठ बघतो.

कारण २००४ मध्ये मी तेच केलं होतं. ठाण्यातल्या एका हौशी ग्रुपमध्ये मी लाइट करायचो, बिनपैशाचा, चहा-वडापाववर. एकांकिका स्पर्धा. आमचा मुख्य नट, आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो, त्याला एका दैनंदिन मालिकेत काम लागलं होतं आणि ही त्याची आमच्यासोबतची शेवटची एकांकिका होती. शेवटी त्याचं पाच मिनिटांचं स्वगत. तालमीनंतर तो माझ्याकडे आला, ‘शेवटचा स्पॉट मला पूर्ण दे हां. घाई नको करूस.’ मी म्हटलं, ‘दादा, बिनधास्त.’

पहिली घंटा झाल्यावर दिग्दर्शक सर लाइटच्या खोलीत आले. स्वगतात एक ओळ होती, ‘आई, मी परत आलोय’. सर म्हणाले, ‘त्या ओळीवर ब्लॅकआउट घे.’

मी म्हटलं, ‘सर, त्याच्यानंतर अजून अडीच मिनिटं आहेत.’

‘माहितीय. वेळ जातोय. सांगितलं तेवढं कर.’

वेळ जात नव्हता. मी स्वतः स्टॉपवॉच लावून तीन तालमी मोजल्या होत्या. पण मी एकवीस वर्षांचा, सरांनी मला डिमर हातात धरायला शिकवलेलं, आणि ते खोलीतून गेलेच नाहीत. माझ्या मागे उभे राहिले. ओळ आली. मी मास्टर खाली ओढला.

अंधारात दादा बोलत राहिला. पुढची दोन वाक्यं त्याने म्हटली. त्याला वाटलं फ्यूज गेला, आत्ता येईल. मग तो थांबला. मग टाळ्या.

आणि खरी गंमत पुढे आहे. परीक्षकांना तो ब्लॅकआउट ‘धाडसी’ वाटला. अंधारातून येणारा मुलाचा आवाज वगैरे. प्रकाशयोजनेचं उत्तेजनार्थ पारितोषिक मला मिळालं. ते सन्मानचिन्ह गाळ्यात आहे, त्याच्यावर आम्ही टेप अडकवतो.

तर मॉन्ट्रियलचंही तेच झालं. लढत संपल्यावर ब्रेट रिंगच्या कडेला येऊन विन्सच्या तोंडावर थुंकला. प्रक्षेपण बंद झाल्यावर त्याने हवेत बोटाने डब्ल्यूसीडब्ल्यू अशी अक्षरं काढली, टीव्ही मॉनिटर फोडले. आत ड्रेसिंग रूममध्ये त्याने विन्सला एक ठोसा लगावला, मालक आडवा. अंडरटेकर, म्हणजे आमच्या ट्रम्प कार्डांतला सात वेळा मरून जिवंत होणारा, तो दार ठोठावून मालकाला सांगायला गेला की जा आणि माफी माग. मिक फोली दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, मग आला. घर चालवायचं असतं. ब्रेटचे मेहुणे डेव्ही बॉय स्मिथ आणि जिम नाइडहार्ट त्याच्या मागोमाग गेले. रिक रूड नावाचा पैलवान तर असा गेला की एकाच सोमवारी, १७ नोव्हेंबरला, तो दोन्ही कंपन्यांच्या कार्यक्रमांत दिसला. इकडचा भाग आधी चित्रित केलेला, तिकडे थेट. ओवेन राहिला.

एवढं सगळं झाल्यावर कंपनी बुडायला हवी होती. अप्पांच्या हिशेबाने पुढच्या जत्रेत जोड मिळायला नको. झालं उलटंच. विन्स टीव्हीवर बसून थंडपणे म्हणाला की ब्रेटचा घात ब्रेटनेच केला. लोक चवताळले. त्या चिडीतून ‘मिस्टर मॅकमहॉन’ नावाचा खलनायक मालक तयार झाला, त्याला दर सोमवारी ऑस्टिनने बडवायचं, आणि देशभरच्या नोकरदारांनी आपल्या साहेबाला बडवल्याच्या समाधानात झोपायचं. एप्रिल १९९८ मध्ये तो ८३ आठवड्यांचा मार थांबला. ऑक्टोबर १९९९ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. ज्याला एका पैलवानाचा करार झेपत नव्हता, तो. उत्तेजनार्थ नाही, पहिलंच पारितोषिक.

म्हणूनच ‘हेही सगळं आधी ठरलेलं होतं’ असं म्हणणारे अजून भेटतात. ब्रेटही सामील होता म्हणे. मला पटत नाही, आणि त्याचं कारण कुठल्या मुलाखतीत नाही, चित्रातच आहे. घंटेनंतरचा ब्रेट बघा. तो काहीच करत नाही. आखाड्यात इतकी वर्षं काढलेला नट, राग दाखवायचा असता तर लगेच दाखवला असता, कॅमेरा समोर होता. तो काही क्षण नुसता बघतो. फ्यूज गेलाय, आत्ता येईल, असं वाटणाऱ्या माणसासारखा. तसं मी एकदाच पाहिलंय, म्हणजे पाहिलं नाही, अंधार होता, ऐकलंय.

मायकल्सने कित्येक वर्षं हात वर केले, मला काही माहीत नव्हतं म्हणून. २००२ च्या सुमारास कबूल केलं. जानेवारी १९९८ मध्ये त्याची पाठ गेली, मार्चमध्ये ऑस्टिनकडून हरून चार वर्षं कंपनीसाठी लढलाच नाही. ब्रेटला तिकडे डब्ल्यूसीडब्ल्यूने धड वापरलंच नाही; १९९९ च्या डिसेंबरमध्ये गोल्डबर्गची लाथ डोक्यात बसली आणि कारकीर्द संपली, २००२ मध्ये पक्षाघाताचा झटका. मग ४ जानेवारी २०१० ला तो परत त्या रिंगमध्ये आला, शॉनशी हात मिळवले, मिठी मारली. तो भाग मी आमच्या मुलीला दाखवला. ती म्हणाली, ‘बाबा, हे काका रडतायत का?’ मी म्हटलं, ते ठरलेलं असतं गं. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी आवाज वाढवला.

कार्यक्रम म्हणून काय लायकीचा? निर्मितीला दहापैकी सहा, केनच्या लाल दिव्यांचे दोन कापून. पहिले दोन तास बघण्याची कोणाला सक्ती नाही, पण कॅनडा-अमेरिका लढत ठेवा, नाहीतर शेवटच्या शांततेचं वजन कळणार नाही. वीस हजार लोक गप्प होण्यासाठी आधी ओरडलेले असावे लागतात. मुख्य लढत कुस्ती म्हणून फार मोठी नाही. याच दोघांची १९९६ ची साठ मिनिटांची रेसलमेनियातली लढत कसबाने कितीतरी वर आहे. साठ मिनिटांत एकाचाही गुण नाही आणि मग जादा वेळेत मायकल्स जिंकतो. ज्यांना डाव बघायचेत त्यांनी ती बघावी. ज्यांनी कधी कुठल्या ऑफिसात, मंडळात किंवा ग्रुपमध्ये ‘सांगितलं तेवढं कर’ हे ऐकलंय, त्यांनी ही. हेडफोन लावून बघा. विन्सची ओरड ऐकू येते.

दादाचं सांगायचं राहिलं. त्या रात्री सगळे बक्षिसांच्या जल्लोषात बाहेर गेले, सर सगळ्यांना घेऊन तलावपाळीला आइस्क्रीम खायला गेले. मी मागे, कारण केबल गुंडाळायच्या होत्या. माझ्यासाठी बाहेर गाडी नव्हती. दादा मेकअप पुसून रंगमंचावर आला. मला वाटलं आता बसणार एक. त्याने खाली पडलेल्या पन्नास फुटी केबलचं दुसरं टोक उचललं, पीळ काढला आणि माझ्याकडे चालत चालत गुंडाळत आला. आठ केबल होत्या. आठव्या केबलला म्हणाला, ‘सर मागे उभे होते ना?’ मी हो म्हटलं. ‘वाटलंच,’ म्हणाला, आणि शेवटची कळव्याची रिक्षा मिळते का बघायला गेला.

आणि हो, बघायला बसलात आणि मायकल्स पट्टा घेऊन आत जाताना चित्र तुटलं, तर नेटला शिव्या घालू नका, पुन्हा पहिल्यापासून लावू नका, कोणाकडे पैसेही परत मागू नका. तो तिथेच संपतो.